आवाजाला किती आवरावे?



आजच्या व्याख्यानाच्या विषयात 'स्टिरिओ कंप्रेसर' हे शब्द पाहून काही मंडळींची थोडी दिशाभूल झाली असण्याचा संभव आहे. कंप्रेसर म्हटला की पंक्चरवाल्याच्या दुकानातले हवा भरण्याचे यंत्र डोळ्यांपुढे येते. नाहीतर स्वयंपाकघरात फ्रीजच्या पाठीमागे घुरघुरणारी ती काळी डबी आठवते. आम्ही बोलणार आहोत ते या दोहोंच्या तिसऱ्या भावंडाविषयी. ते हवा दाबीत नाही की गारवा देत नाही. लहान आवाज आणि मोठा आवाज यांच्यामध्ये जे अंतर असते, ते अंतर ते कमी करते. एवढेच त्याचे काम. परंतु आपण सकाळी रेडिओवर ऐकता ती भक्तिगीते, चित्रपटगृहात ऐकता ते संवाद, मोबाइलवर ऐकता ते ख्याल आणि गणपतीच्या मिरवणुकीत इच्छा असो वा नसो, ऐकावेच लागते ते गाणे, यांपैकी बहुतेक सर्व काही आपल्या कानांपर्यंत या यंत्रातून गाळून येते. ज्याच्या हाती हे यंत्र आहे त्याच्या हाती आपले ऐकणे आहे. म्हणून त्याची ओळख करून घेणे हे केवळ धंद्यातल्या माणसांचे काम नव्हे, असे आम्हांस वाटते.

प्रथम अंतराचा विचार करू. आवाजाचा लहानमोठेपणा डेसिबल या मापाने मोजतात. या मापाची गंमत अशी की ते बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने चढते. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते, वीस वाढले म्हणजे शंभरपट, तीस वाढले म्हणजे हजारपट. रात्रीच्या शांत खोलीत सुमारे ३० डेसिबल आवाज असतो, साध्या बोलण्यात ६०, आणि रहदारीच्या रस्त्यावर ७० ते ८०. आता एखादा गवई ख्यालाला बसला आहे असे समजा. आलापीच्या आरंभी मंद्रातला षड्ज तो जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखा लावतो. तासाभराने द्रुतात तोच तार सप्तकात तान घेतो, तबलजी समेवर थाप देतो आणि मंडप हलतो. या दोन क्षणांमध्ये तीस-चाळीस डेसिबलांचे अंतर सहज पडते, म्हणजे शक्तीत हजारपटीपासून दहा हजारपटीपर्यंत. बैठकीत बसलेल्या माणसाला याचे काही वाटत नाही. उलट, याच अंतरात गाण्याचा जीव असतो. आरंभी तो लहान स्वर ऐकण्यासाठी आपण पुढे झुकलेले असतो. म्हणून तर पुढची थाप अंगावर येते.

अडचण सुरू होते ती हे गाणे बैठकीबाहेर न्यायचे म्हटले की. बैठकीच्या बाहेर जे जे भांडे मिळाले ते ते लहान निघाले. लाखेच्या जुन्या तबकडीवर खरखर इतकी असे की बारीक स्वर तिच्यात बुडून जाई, आणि मोठ्या स्वराने सुईची रेघ शेजारच्या रेघेत घुसे. बोलपटाच्या फितीवर ध्वनी छायाचित्रासारखा उमटवीत. तेथेही खाली फितीच्या कणांची सळसळ आणि वर विकृतीची कमान, या दोहोंच्या मध्ये जेवढी जागा उरेल तेवढीच कलावंताची. रेडिओच्या प्रक्षेपकाची तऱ्हा तीच. एका मर्यादेपलीकडे ध्वनिलहर त्याच्यावर लादली तर आवाज फाटतो. तात्पर्य, गाणे हत्तीएवढे आणि दार बोकडाएवढे!

मग माणसांनी काय केले? यंत्र येण्यापूर्वी माणूसच यंत्र झाला. १९२५ सालापर्यंत तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन रुळला नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. तेव्हा गायक हलका स्वर कर्ण्याजवळ घेत आणि जोराची जागा आली की डोके मागे नेत. तीन मिनिटांत राग बसवायचा आणि शिवाय मानेनेही ताल धरायचा, अशी ती कसरत असे. विजेचे ध्वनिमुद्रण आल्यावर मानेचे काम बोटांकडे आले. ध्वनिमुद्रक कानाला यंत्र लावून बसे आणि मोठी जागा येण्यापूर्वीच आवाजाची मूठ थोडी खाली घेई. 'येण्यापूर्वीच' हा शब्द महत्त्वाचा. त्यासाठी गाणे ठाऊक असावे लागे. गवयाच्या छातीचा भाता भरताना दिसला की पुढे काय येणार ते उमगावे लागे.

ही विद्या पुण्याला नवी नाही. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली. बोलपटांच्या आरंभकाळात तिच्या ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. हे गृहस्थ मूळचे पडदे रंगविणारे, नेपथ्य उभारणारे, पुढे फत्तेलालांसह 'संत तुकाराम'चे दिग्दर्शन करणारे. यंत्राचा माणूस आणि कलेचा माणूस हे दोन निराळे असावेत असे त्या काळी कोणाला वाटत नव्हते. त्याच प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली; तेथे ध्वनिमुद्रण आणि ध्वनिमिश्रण शिकविले जाते, आणि तेथेच शिकलेल्या रसूल पुकुट्टी यांना २००९ साली ध्वनिमिश्रणाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. इकडे २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले, आणि १९५५च्या एप्रिलपासून वर्षभर त्यावर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'ची ५६ गीते आठवड्यागणिक प्रक्षेपित झाली. ती ऐकणारा श्रोता वाड्याच्या ओसरीवर बसलेला, मधोमध एक छोटा रेडिओ, बाजूला नळावर घागरी वाजताहेत, पोरे खेळताहेत. अशा ठिकाणी गाण्याचा लहान स्वर पोहोचवायचा आणि मोठ्याने आवाज फाटू द्यायचा नाही, हेच ध्वनिमिश्रणाचे मूळ कोडे होय. कंप्रेसर म्हणजे या कोड्याला दिलेले एक उत्तर.

आता यंत्राकडे वळू. त्याचे कार्य समजण्यास विजेचे शास्त्र लागत नाही. कल्पना करा की आवाजाच्या मुठीवर हात ठेवून एक अतिशय दक्ष, पण अजिबात गाणे न कळणारा नोकर बसविला आहे. त्याला चार गोष्टी सांगून ठेवाव्या लागतात.

पहिली गोष्ट उंबरठा. आवाज या रेषेच्या आत असेतोवर काही करू नकोस. रेषा ओलांडली तरच हात चालव. दुसरी गोष्ट प्रमाण. आवाजाने उंबरठा ओलांडला तर किती आवरायचे? चारास एक असे प्रमाण सांगितले आणि आवाज उंबरठ्याच्या वर बारा डेसिबल गेला, तर बाहेर तो तीनच डेसिबल वर जातो. नऊ डेसिबल नोकराने अडविले. दोनास एक सांगितले तर सहा जातात, सहा अडतात. प्रमाण फारच वाढविले, वीसास एक किंवा त्याहूनही अधिक, की उंबरठ्यावर जणू भिंतच उभी राहते. मग त्याला कंप्रेसर न म्हणता लिमिटर म्हणतात. तिसरी गोष्ट आवळण्याचा वेळ, ज्याला आमच्या धंद्यात अॅटॅक म्हणतात. आवाज वर गेला की किती चपळाईने हात मारायचा? आणि चौथी गोष्ट सोडण्याचा वेळ, म्हणजे रिलीज. आवाज खाली आल्यावर मूठ पूर्वीच्या जागी किती वेळात आणायची? हे दोन्ही वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदात मोजतात.

या चार सूचनांत सगळा ग्रंथ आहे, आणि सगळे अनर्थही. तबल्यावरची 'ता' घ्या. तिची चाट म्हणजे पहिले काही मिलिसेकंद. त्यानंतर जो उरतो तो नाद. नोकराने एका मिलिसेकंदातच झडप घातली तर चाट मारली जाते आणि पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज उरतो. वीस-तीस मिलिसेकंद थांबून आवळले तर चाट सहीसलामत निघून जाते आणि मागचा नाद तेवढा आवरला जातो. सोडण्याच्या वेळाचेही तसेच. समेवरच्या थापेनंतर मूठ फार सावकाश वर आली तर त्या थापेच्या सावलीत गवयाचे पुढचे दोन स्वर दबून जातात; कोणी मोठ्याने खोकावे आणि शेजाऱ्याचे बोलणे बुडावे तसे. फार घाईने वर आली तर दर थापेनंतर मागचा तानपुरा उसळी मारतो. तानपुरा हे वाद्य उसळी मारण्यासाठी केलेले नाही. त्याचे सारे मोल त्याच्या अखंडपणात आहे. म्हणून मिश्रण बिघडले की नाही हे पाहायचे असेल तर आम्ही गवयाकडे कान देत नाही, तानपुऱ्याकडे देतो. गवयाचा स्वर मुळातच कमीजास्त होतो. त्यात यंत्राची लबाडी लपून जाते. तानपुरा मात्र खोटी साक्ष देत नाही. तो धापा टाकू लागला की समजावे, नोकराने मर्यादा सोडली.

येथवर आम्ही एका कानाचा हिशेब सांगितला. परंतु ईश्वराने कान दोन दिले आहेत, आणि स्टिरिओ ही त्या दोन कानांची व्यवस्था आहे. १९३१च्या डिसेंबरात अॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने तिच्या पेटंटासाठी अर्ज केला. बाजारात स्टिरिओ तबकड्या येण्यास मात्र १९५० नंतरच्या दशकाची अखेर उजाडली. तिचे रहस्य साधे आहे. डावीकडे एक स्पीकर, उजवीकडे एक. दोहोंतून एकच आवाज सारखाच आला तर तो आपल्याला मधोमध ऐकू येतो, जेथे प्रत्यक्षात काहीच नाही! मध्ये बसलेला गवई हा दोन सारख्या आवाजांनी निर्माण केलेला आभास असतो. डावीकडे थोडे अधिक झाले की तो डावीकडे सरकतो. पाच-सहा डेसिबलांचा फरक पडला तर चांगलाच सरकतो.

आता डावीकडे तबला, उजवीकडे सारंगी आणि मध्ये गवई अशी मांडणी करा, आणि दोन बाजूंना दोन स्वतंत्र कंप्रेसर लावा. तबल्याची थाप पडली. डावा नोकर जागा झाला आणि त्याने डावी बाजू सहा डेसिबल खाली ओढली. उजव्याला काही पत्ताच नाही. त्याच्याकडे सारंगी शांतपणे चालली आहे. परिणाम काय? डावीकडचा गवयाचा वाटा घटला आणि गवई बसल्या जागेवरून उजवीकडे सरकला. थाप संपली, तो पुन्हा मध्ये आला. दर समेला हेच. मैफलीत गवई समेला मान हलवतो हे खरे. पण समेला जागा बदलणारा गवई आम्ही तरी पाहिलेला नाही.

यावर उपाय म्हणून दोन्ही यंत्रांना एकाच जुवाखाली जोडले. जोडीतला एक बैल थांबला तर दुसऱ्यालाही थांबावेच लागते. नाहीतर गाडी वळून खड्ड्यात जाते. त्याचप्रमाणे डावीकडे किंवा उजवीकडे, जेथे आवाज अधिक होईल तेथून इशारा घ्यायचा आणि दोन्ही बाजू सारख्याच खाली आणायच्या. हाच स्टिरिओ कंप्रेसर. १९५० नंतरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतील फेअरचाइल्ड कंपनीसाठी राइन नार्मा या मूळच्या एस्टोनियन अभियंत्याने जे ६७० क्रमांकाचे यंत्र तयार केले, ते या जातीतील नामांकित घराणे. त्यात वीस निर्वात नळ्या होत्या आणि वजन सुमारे तीस किलो. ते बांधले स्टिरिओ तबकडी कोरण्याच्या कामासाठी. स्टिरिओ तबकडीत सुई आडवी हलते तशी उभीही हलते, आणि उभी फार उसळली की रेघेबाहेर पडते. तिला आवरणे हे त्याचे काम. आज हेच काम संगणकातील प्रणाली करते आणि तिचे वजन काहीच नसते. मोठ्या आवाजाला आवरण्याचा न्याय मात्र बदललेला नाही.

परंतु जुवालाही किंमत द्यावी लागते. तबल्याने थाप मारली आणि शिक्षा मात्र तबला, सारंगी, गवई आणि तानपुरा या सर्वांना झाली! वर्गात एका मुलाने खोडी करावी आणि मास्तरांनी सगळ्या वर्गाला उभे करावे, असा हा प्रकार. म्हणून सबंध मिश्रणावर स्टिरिओ कंप्रेसर लावण्यापूर्वी ज्याचा दोष त्याला स्वतंत्रपणे आवरावे, हा पहिला नियम. तबला जड झाला असेल तर तबल्याचा फेडर खाली घ्यावा. गवई एखाद्या जागी माइकच्या फार जवळ आला असेल तर तेवढी जागा हाताने उतरवावी. अशी घरातली भांडणे घरात मिटल्यावर मग सर्वांवर एक सैल जू ठेवावे: प्रमाण दीडास एक किंवा दोनास एक, आवळण्याचा वेळ तीसेक मिलिसेकंद, सोडण्याचा वेळ लयीला धरून. काटा एक-दोन डेसिबलांपलीकडे फारसा हलू नये. इतक्या थोड्या दाबाने काय होते, असे कोणी विचारील. सगळी वाद्ये एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर बसल्यासारखी वाटू लागतात. एकाच्या मोठ्या स्वराला दुसरे किंचित जागा करून देते. साथसंगतीत मुरलेली माणसे बैठकीत हे आपण होऊन करतात. निरनिराळ्या माइकांनी टिपलेल्या आवाजांना ते थोडे शिकवावे लागते.

डग्ग्याचा एक स्वतंत्र बंदोबस्त करावा लागतो. खालच्या घुमकीत शक्ती फार असते. कानाला ती तितकी जाणवत नाही, पण यंत्राला ती सर्वात मोठी वाटते. त्यामुळे डग्गा घुमला की सगळे गाणे दचकते. यासाठी यंत्राला इशारा देणाऱ्या वाटेतून शंभर कंपनांच्या आसपासचे आणि त्याखालचे स्वर गाळून टाकतात. गाण्यात घुमक असतेच. फक्त नोकराच्या कानात त्या आवाजापुरता कापूस घातलेला असतो.

आणि शेवटचा नियम, जो आम्हांस सर्वात मोलाचा वाटतो. आवाज दाबला की तो एकंदरीने लहान होतो. म्हणून नंतर सगळ्यालाच वर उचलतात. येथे कान फसतो. दोन नमुन्यांपैकी जो जरा मोठा तोच आपल्याला बरा वाटतो, मग फरक एका डेसिबलाचा का असेना. तेव्हा दाबलेले आणि न दाबलेले असे दोन्ही नमुने सारख्या पातळीवर आणूनच तुलना करावी. अशी प्रामाणिक तुलना केली की निम्म्या वेळा कंप्रेसर काढून टाकण्याची बुद्धी होते. तराजूत एका पारड्याखाली बोट लावून माल जोखू नये, हा व्यापारातला नियम ध्वनिमिश्रणालाही लागू आहे.

हा नियम ज्यांनी पाळला नाही त्यांचा इतिहास आता सांगतो. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली. तिच्यात ९६ डेसिबलांचे अंतर मावते. हत्तीएवढ्या गाण्याला प्रथमच हत्तीएवढे दार मिळाले. मग त्या दारातून काय नेले? १९९०च्या दशकात एक स्पर्धा लागली. शेजाऱ्याच्या गाण्यापेक्षा माझे गाणे मोठे वाटले पाहिजे! शिखराला मर्यादा होती. त्याच्या वर जाता येत नव्हते. मग दऱ्या भरून काढल्या. सिंहगड आणि तोरणा तासून त्यांची माती खोऱ्यांत टाकली आणि सगळा मावळ एका उंचीचे पठार करून टाकला तर जे होईल, ते गाण्याचे झाले. पठारावर चालणे सोपे असते, परंतु कोणी त्याला गड म्हणत नाही, आणि चढल्याचा आनंदही कोणाला होत नाही. शांत जागाच उरली नाही म्हणजे मोठी जागा मोठी वाटणार तरी कशाशी तुलना करून?

समाधानाची गोष्ट अशी की या स्पर्धेतील बक्षीसच पुढे काढून घेण्यात आले. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याची पद्धत ठरवून दिली. २०१० साली युरोपातील प्रसारकांनी तिच्या आधारे सरासरी पातळीचा दंडक घातला. आज मोबाइलवर गाणी पुरविणाऱ्या अनेक सेवा प्रत्येक गाणे मोजून साधारण एका पातळीवर आणतात. तेथे चिरडून मोठे केलेले गाणे खाली ओढले जाते आणि मोकळे ठेवलेल्या गाण्याची शिखरे शाबूत राहतात. ओरडणाऱ्याला हाताला धरून बसविणारा सभापती असला की सभेत हळू बोलणाऱ्याचेही ऐकू येते.

परंतु आमच्या रस्त्यावर असा सभापती नाही. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींविषयी पुण्यात पुष्कळ बोलले जाते. त्यातली एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. त्या भिंतींनाही लिमिटर लावलेला असतो. तो कशासाठी? स्पीकरचे पडदे जळू नयेत, फाटू नयेत, यासाठी. यंत्राचे पडदे वाचविण्याची ही तजवीज पुष्कळ ध्वनिव्यवस्थांत आढळते. माणसाच्या कानासाठी मात्र ती केलेली नसते. उलट, शिखरे छाटल्यामुळे सरासरी आवाज अधिक वर नेता येतो, आणि कानाला क्षणाचीही उसंत मिळत नाही. ढोलाच्या दोन ठोक्यांमध्ये जी पोकळी असते तेवढाच कानाचा विसावा. ती पोकळीही भरून टाकलेली असते. कामगारांच्या कानांसाठी जो एक मान्य हिशेब आहे तो असा: ८५ डेसिबलांत दिवसाला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलांना वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलांत अवघी पंधरा मिनिटे मिळतात. कानाच्या आतील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आमच्या देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मोकळ्या जागी बंदी, राज्य सरकारने सवलत दिलेले थोडे दिवस सोडून. या नियमांपायी एके काळी पहाटेपर्यंत रंगणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवालाही वेळेची शिस्त लावून घ्यावी लागली. उत्तररात्रीचे राग ऐकण्यासाठी जागणाऱ्या मंडळींची हळहळ आम्ही समजू शकतो. ज्यांनी भिंती उभारल्या त्यांच्या गोंगाटाचा दंड काही प्रमाणात ज्यांनी तानपुरे जुळविले त्यांनाही भरावा लागला. जुवाची किंमत म्हणून आम्ही वर सांगितले तेच येथे झाले: थाप एकाची, शिक्षा सर्वांना.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. काही जाणकार म्हणतात की अभिजात गाण्याला हे यंत्र मुळीच लावू नये. गवयाने जसे गायिले तसेच्या तसे श्रोत्याला द्यावे. या म्हणण्यामागची भावना आम्हांस पूज्य आहे, तथापि ते पूर्णपणे पटत नाही. श्रोता कोठे बसला आहे, हे पाहिले पाहिजे. जो रात्री दार लावून शांत खोलीत ऐकतो त्याला काहीही न दाबलेले गाणे द्यावे. त्याचा तो हक्क आहे. पण जो स्वारगेटला जाणाऱ्या बसमध्ये कानात बोंडे घालून ऐकतो, जी गृहिणी फोडणी देता देता ऐकते, तिच्यापर्यंत मंद्रातला तो षड्ज न दाबता पोहोचतच नाही. ती आवाज वाढवते, आणि पुढची तान आली की दचकून कमी करते. म्हणजे कंप्रेसर घरातच आहे. फक्त तो तिच्या हातून चालतो, आणि तोही वेळ निघून गेल्यावर. ते काम आधीच समजुतीने करून दिले तर तो कलेचा द्रोह नव्हे. वाकून लहान मुलाशी बोलणाऱ्याची उंची काही कमी होत नसते.

मात्र एक मर्यादा आम्ही कधीही ओलांडू नये. दाबलेले गाणे पुन्हा उलगडता येत नाही. याला एक सुंदर अपवाद आहे, आणि त्याचा भारताशी संबंध आहे. रे डॉल्बी नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली आणि फितीची सळसळ दडपणारी पद्धत पुढे आणली. तीत मुद्रण करताना बारीक स्वर ठराविक हिशेबाने उचलतात आणि ऐकविताना नेमक्या त्याच हिशेबाने खाली आणतात. स्वर होता तेथे परत येतो आणि सळसळ तेवढी बुडते. कुलूप घालतानाच किल्ली जपून ठेवली असल्यामुळे हे साधते. मिश्रणात वापरलेल्या कंप्रेसरची अशी किल्ली कोणी जपून ठेवीत नाही. तेथे गेले ते गेले.

म्हणूनच जुन्या मैफलींच्या फिती, आकाशवाणीची ध्वनिमुद्रणे, घरोघरी कपाटात पडलेल्या कॅसेटी यांचे आज संगणकात रूपांतर होत असताना आम्हांस धास्ती वाटते. उत्साही मंडळी पहिल्याच फेरीत आवाज 'चांगला' करतात. म्हणजे खरखर कापतात, शिखरे छाटतात, सगळे सारखे मोठे करतात आणि मूळ फीत टाकून देतात. आपल्या आजोबांनी ध्वनिमुद्रित केलेली एखादी बैठक आपल्या घरी असेल तर एवढे करा: पहिली प्रत जशीच्या तशी, काहीही न दाबता, खरखरीसकट काढून ठेवा. सुधारलेली प्रत दुसरी असू द्या. आजची आमची समजूत उद्या चुकीची ठरेल, यंत्रे अधिक शहाणी होतील. पण त्यांनी काम करायला मूळ तरी शिल्लक हवे. एखाद्या गवयाने चाळीस डेसिबलांच्या अंतरावर जे सांगितले ते आम्ही सहा डेसिबलांत कोंबून पुढच्या पिढीच्या हाती दिले, तर ती पिढी म्हणेल, हे लोक कशाला एवढी मान डोलावीत होते? आणि तिचा दोष नसेल.

श्रोतेहो, ध्वनिमिश्रण करणाऱ्यांची एक गैरसोय आहे. आमचे काम चांगले झाले तर ते कोणाला दिसत नाही आणि बिघडले तर काय बिघडले ते सांगता येत नाही. नुसता कंटाळा येतो, डोके दुखते, गाणे बंद करावेसे वाटते. त्या कंटाळ्याला आज आपण नाव दिले, एवढे जरी या व्याख्यानातून साधले तरी पुष्कळ झाले. यापुढे एखादे गाणे ऐकताना जरा मागे पाहा. तानपुरा सलग ऐकू येतो का? थापेनंतर तो उसळतो का? गवई आपल्या जागी बसलेला आहे का? लहान जागा अजून लहान आहे का? उत्तरे मनाजोगी आली नाहीत तर गाणी काढणाऱ्यांना, मांडव घालणाऱ्यांना, आम्हां मिश्रण करणाऱ्यांनाही खुशाल विचारा की, बाबांनो, इतके कशासाठी आवळले? विचारणारा श्रोता असला म्हणजे मुठीवरचा हात आपोआप हलका पडतो.